कृपेचा हिशेब लागत नाही: ख्रिस्ती विश्वास नव्याने समजून घेणाऱ्यांसाठी

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दृढीकरणाचा वर्ग घ्यायचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. दृढीकरण म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याने आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करण्याचा विधी. वर्गाला दोन प्रकारची माणसे येतात. एक तर आमचीच पोरे, दहावी झाली म्हणून आईबापांनी धाडलेली. त्यांचा मतांगीकार, म्हणजे उपासनेत म्हणायचे विश्वासाचे कबुलीवाक्य, तोंडपाठ असतो, पण त्यातले एक वाक्य समजावून सांग म्हटले की माना खाली जातात. दुसरी मोठी माणसे: कोणी लग्नामुळे आलेले, कोणी मित्राच्या आजारपणात प्रार्थनेला बसले आणि येत राहिले, कोणी नुसत्या कुतूहलाने. मी लिहिते आहे ते मुख्यतः या दुसऱ्यांसाठी. पोरांनीही वाचले तर त्यांच्या आया खूश होतील.

मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. ही मंडळी 1970 साली नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन झाली. वसईच्या कॅथलिक घरातल्या वाचकाला माझे काही शब्द परके वाटतील. त्यांची मिस्सा, आमची उपासना. त्यांचे फादर, आमचे पाळक. त्यांच्या बायबलात 73 पुस्तके, आमच्यात 66. मरियामातेकडे ते विनंती करतात, आम्ही करत नाही. गाभा मात्र दोघांचा एकच आहे, आणि तेवढाच मी घेणार आहे.

आधी वाचनाचे. बायबल हातात आले की माणूस कादंबरीसारखे पहिल्या पानापासून सुरू करतो. उत्पत्ती आवडीने होते, निर्गमाचा पूर्वार्धही होतो, आणि लेवीयातल्या यज्ञांच्या नियमांत गाडी रुतते. म्हणून मी सगळ्यांना मार्काच्या शुभवर्तमानाने सुरुवात करायला लावते. शुभवर्तमाने म्हणजे येशूचे जीवन सांगणारी चार पुस्तके. अवघे 16 अध्याय, चारांतले सर्वांत छोटे. एका रविवारी दुपारी वाचून होते. त्यात येशूच्या जन्माची कथाच नाही. थेट नदीकाठचा बाप्तिस्मा आणि मग एकापाठोपाठ एक घटना. वाचताना एकच प्रश्न मनात धरा: हा माणूस स्वतःला कोण समजतो? शिष्यांना ते शेवटपर्यंत नीट उमगत नाही, हे नव्या माणसाला फार धीर देणारे आहे. त्यानंतर लूकचा 15 वा अध्याय, उधळ्या पुत्राच्या गोष्टीचा, आणि मग मत्तयातले 5 ते 7, म्हणजे डोंगरावरचे प्रवचन. नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला तेव्हा त्यांना धरून ठेवले ते याच प्रवचनाने. पण गाडीतून उतरून ते चर्चमध्ये गेले नाहीत. वाचन, वाद, पत्रव्यवहार असे सगळे होऊन 1895 च्या फेब्रुवारीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता मतांगीकार. पाठ करायला सोपा, पचायला जड. त्यात तीन गोष्टी आहेत: सगळे निर्माण करणारा देव पिता आहे, त्याचा पुत्र येशू माणूस होऊन आला, वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, पवित्र आत्मा आजही मंडळीत काम करतो. मधेच पंतय पिलाताचे नाव येते. एवढ्या पवित्र मजकुरात एका रोमी सुभेदाराचे काय काम, असे पोरे विचारतात. काम आहे. पिलात यहूदियावर इ. स. 26 ते 36 या काळात होता. मंडळीला सांगायचे आहे की हे ‘कोणे एके काळी’ घडलेले नाही. अमुक अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत, अमुक गावाबाहेर घडले. आपल्याकडचा नवा माणूस येशूला चटकन अवतारांच्या रांगेत बसवतो. ते आदरानेच असते, त्यात राग मानण्यासारखे काही नाही. पण ख्रिस्ती शिकवण वेगळी आहे: देवाने देह धारण केला तो एकदाच, आणि त्या एकदाच झालेल्या गोष्टीवर सगळे उभे आहे. पुनरुत्थान झाले नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, असे पौल, मंडळ्यांना पत्रे लिहिणारा प्रेषित, करिंथकरांना बिनदिक्कत लिहितो.

त्र्यैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीबद्दल, माझा सल्ला थोडा आडमुठा वाटेल. पाणी, बर्फ, वाफ वगैरे उदाहरणे ऐकू नका. सगळी कुठे ना कुठे लंगडी पडतात. या प्रश्नावर बिशप मंडळी 325 साली निकियात जमली आणि भांडण त्यानंतरही कित्येक दशके चालले. तुम्हाला तीन रविवारांत उलगडले नाही तर बिघडत नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये एका ख्रिस्ती मठात राहत असताना बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर त्याच मठातल्या सिस्टरांशी त्र्यैक्यावरून पत्रांतून कडाडून वाद घातला. पटत नाही ते मी म्हणणार नाही, हा त्यांचा बाणा. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नंतर सापडला. हीच बाई पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार बायकांना सांभाळत सगळे बायबल मराठीत आणत होती. तेव्हा प्रश्न विचारणाऱ्याकडे डोळे वटारून पाहणारा कोणी भेटला तर त्याला रमाबाईंचे नाव सांगा.

खरी अडचण त्र्यैक्याची नसते. कृपेची असते. तिथे ऐकणारा मान डोलावतो, ‘समजले’ म्हणतो आणि घरी जाऊन नेमके उलटे जगतो.

आपण सगळेच हिशेबावर वाढलो आहोत. इकडे पुण्य जमा, तिकडे पाप खर्च, वर्षाअखेरी शिल्लक. ख्रिस्ती घरांतही हेच चालते, फक्त रकाने वेगळे: उपवासकाळात मटण सोडले, दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, वेळेवर दिला, आता पोराला नोकरी लागायला हवी. पौल इफिसकरांना जे लिहितो त्याने ही वहीच निकालात निघते. तुमचे तारण कृपेने झाले आहे, तुमच्या हातून नव्हे. ते देवाचे दान आहे. आधी स्वीकार, मग सुधारणा. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत बाप धावत जाऊन गळ्यात पडतो तेव्हा पोराने पाठ केलेले माफीचे भाषण अजून सुरूही झालेले नसते.

वर्गातले कोणीतरी चलाख पोर विचारतेच, ‘मग काय बाई, वाटेल ते करा आणि नंतर माफी मागा?’ हा प्रश्न पौलालाही ऐकावा लागला होता. रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय त्यानेच सुरू होतो. तो म्हणतो, जे पापाला मेले ते त्यातच कसे राहतील? आणि याकोब आपल्या पत्रात सुनावतो की क्रियेवाचून विश्वास निर्जीव आहे. दोघांचे भांडण आहे असे मला वाटत नाही. कृत्ये दाम म्हणून मोजायची नाहीत, पण झाडाला फळ नाही तर झाड जिवंत आहे का, असे शेजारी विचारणारच.

विश्वासाने जगणे म्हणजे काय, ते मला पुस्तकापेक्षा वर्गातल्या एका शेतकऱ्याकडून जास्त कळले. सामाईक विहिरीच्या पाण्यावरून त्याचा थोरल्या भावाशी कज्जा चालू होता. प्रभूची प्रार्थना सगळे मोठ्याने म्हणायचे. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ इथे हा गप्प व्हायचा आणि पुढच्या ओळीला पुन्हा सुरू करायचा. पाळकांच्या लक्षात आले होते. त्यांनी टोकले नाही. त्यांना एकदा विचारले तर म्हणाले, ‘खोटे म्हणण्यापेक्षा गप्प बरा.’ पुढे पुतणीच्या लग्नाला तो गेला, पंगतीत शेवटच्या ओळीत बसून जेवून आला. दावा अजून कोर्टात आहे. ओळ मात्र आता म्हणतो, जरा हळू आवाजात.

प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून उपासनेत भाकर आणि प्याला घेण्याबद्दल, नव्यांना संकोच असतो. आमच्याकडे दृढीकरण झालेले लोक पुढे जातात. बाकीचे जागेवर बसून राहिले तर कोणी वळून पाहत नाही. पण ही भाकर आणि हा प्याला साधा समजू नका. करिंथच्या मंडळीत पैसेवाले आधी जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे, म्हणून पौलाने त्यांना झापले आहे. आपल्याकडे तर एका मेजावरून खाणे हाच जातीवर घाव होता. लक्ष्मीबाई टिळकांना नवऱ्याच्या पाठोपाठ ही वाट चालायला वर्षे लागली, आणि त्या काळातली सोवळ्याओवळ्याची त्यांची झुंज त्यांनी स्वतःच हसतहसत सांगितली आहे. आज मेज एक आहे. लग्न जमवताना मात्र आमचीच माणसे ‘मूळचे कोण?’ म्हणून हळूच विचारतात. नव्याने येणाऱ्याला हे दिसणारच, म्हणून आधीच सांगून ठेवते. मंडळी म्हणजे पोहोचलेल्यांचा मेळावा नव्हे.

रोजची शिस्त साधी ठेवा. सकाळी एक स्तोत्र, थोडे शुभवर्तमान, प्रभूची प्रार्थना, आणि दिवसभरात एखादे असे काम ज्याचा गाजावाजा होणार नाही. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर ‘उपासना संगीत’ हे आमचे गीतांचे पुस्तक उघडा. टिळकांची भजने ओवी-अभंगाच्या वळणाची आहेत, वारकरी घरातून आलेल्याला लगेच ओठांवर बसतात. आणि शंका आली तर मार्काच्या नवव्या अध्यायातल्या त्या बापाजवळ बसा. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, असे तो एका दमात म्हणतो, आणि येशू त्याच्या मुलाला बरे करतो.

बाप्तिस्म्याची घाई करू नका. पाळकांशी बोला, वर्ग पूर्ण करा, घरच्यांना अंधारात ठेवू नका. कोणी पैसा, नोकरी किंवा हमखास चमत्कार पुढे करून बोलावत असेल तर तिथून उठा. तो पुन्हा हिशेबच झाला, फक्त दुकानदार वेगळा. आजाऱ्यांसाठी आम्ही प्रार्थना करतो, डोक्यावर हात ठेवून करतो, आणि ती मनापासून असते. पण ‘विश्वास असेल तर गोळ्या बंद कर’ असे कोणी सांगितले तर ऐकू नका. पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तशा घेत राहा, आणि प्रार्थनेला बुधवारी संध्याकाळी या.