दावा फेटाळला गेल्यावर ग्राहक आयोगात जाताना या चुका टाळा

आरोग्य विम्याचा दावा नाकारल्याचे पत्र आले की बहुतेक पॉलिसीधारक ते संतापाने बाजूला टाकतात आणि कंपनीला ईमेलमागून ईमेल पाठवत राहतात. वास्तविक पुढचे सगळे प्रकरण त्या पत्राभोवतीच फिरते, कारण पत्रात न दिलेले कारण कंपनीला नंतर आयोगापुढे काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून 'तुमचा क्लेम बसत नाही' एवढे फोनवर ऐकून थांबू नये. दावा पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारला, हे लेखी मागून घ्यावे.

माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत सर्वाधिक घोळ असतो तो आधीपासूनच्या आजाराचा. रात्री कॅज्युअल्टीत निवासी डॉक्टर 'बीपी कधीपासून आहे?' असे विचारतात, घाबरलेला मुलगा 'असेल चार-पाच वर्षं' म्हणतो आणि केस पेपरवर 'पाच वर्षांपासून उच्च रक्तदाब' अशी नोंद पडते. पॉलिसी तीन वर्षांची असली की कंपनीला तेवढे पुरते. यावर लोक धावतपळत 'दुरुस्त' डिस्चार्ज समरी आणतात, आणि नेमकी तीच त्यांच्या अंगाशी येते, कारण दावा फेटाळल्यानंतरच्या तारखेची दुरुस्ती संशयच वाढवते. त्याऐवजी रुग्णालयातून सगळे इनडोअर पेपर (भरती असतानाच्या उपचारांच्या नोंदी) घ्यावेत, निदान प्रथम झाले तेव्हाची चिठ्ठी आणि तपासण्यांचे अहवाल शोधावेत व फॅमिली डॉक्टरांचे शपथपत्र जोडावे. आजार लपवल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असते, हे तक्रारीत ठळकपणे मांडावे. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल, तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला हा मुद्दा काढताच येत नाही. तरीही जुन्या नूतनीकरणाच्या पावत्या कोणी जोडत नाही, याचे मला दर वेळी नवल वाटते.

मुदतीबाबतची चूक सहसा भरून निघत नाही. ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांत दाखल करावी लागते आणि कंपनीशी पत्रव्यवहार चालू ठेवल्याने ही मुदत वाढत नाही. विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण त्याला सबळ कारण लागते. विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत जाता येते. तेथे शुल्क नाही, वकील चालत नाही आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई मिळू शकते. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. मात्र तोच वाद आयोगापुढे प्रलंबित असेल तर लोकपाल तो ऐकत नाहीत.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानंतर आयोगाची पातळी दाव्याच्या रकमेवरून नव्हे, तर भरलेल्या हप्त्यावरून ठरते, त्यामुळे दावा कितीही मोठा असला तरी सर्वसामान्य पॉलिसीधारकाची तक्रार जिल्हा आयोगातच जाते, आणि ती तो राहतो त्या जिल्ह्यातही करता येते.

अमेरिकेत विमा कंपनीच्या दुर्हेतूबद्दल वेगळा दावा लावता येतो. आपल्याकडे हे सगळे 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' यांतच बसवावे लागते, म्हणून विशेषणांऐवजी तारखा द्याव्यात: कोणता कागद कधी मागितला, तो कधी दिला आणि तोच पुन्हा कधी मागितला. तीन लाखांच्या दाव्यावर मानसिक त्रासापोटी पंचवीस लाख मागितल्याने तक्रारीचे वजन उलट घटते.

कंपनीने कमी रक्कम देऊ करून 'पूर्ण व अंतिम' अशा व्हाउचरवर सही मागितली, तर ती नाइलाजाने केल्यास त्याच दिवशी लेखी हरकत पाठवावी. नुसत्या सहीने हक्क जात नाही, हे न्यायालयांनी मान्य केले आहे, पण सही दबावाखाली झाल्याचे पॉलिसीधारकालाच दाखवावे लागते, आणि सहा महिन्यांनी लिहिलेल्या हरकतीने ते दाखवणे फार अवघड जाते.