जुन्या इमारतीच्या जतनासाठी सीएसआर निधी: प्रस्ताव मंजूर होईल असा कसा तयार करावा

सार्वजनिक न्यासाच्या मालकीचे जुने वाचनालय, धर्मशाळा, शाळेची इमारत किंवा वाडा दुरुस्त करायचा असतो, न्यासाच्या खात्यात पुरेसे पैसे नसतात आणि कोणीतरी सांगते की, कंपन्या अशा कामांना सीएसआर निधी, म्हणजे सामाजिक जबाबदारीपोटी द्यायचा पैसा, देतात. ते खरे आहे. मात्र त्यानंतर जो सल्ला मिळतो तो बहुतेक वेळा विश्वस्तांची दोन-तीन वर्षे वाया घालवणारा असतो. ‘मोठ्या माणसाची ओळख लावा’, ‘रंगीत पुस्तिका छापा’, ‘इतिहास भरपूर लिहा’ हे तिन्ही सल्ले मी सुरुवातीला पाळले आहेत आणि त्यांपैकी एकानेही काम झाले नाही. इमारत का बिघडते आहे हे ज्या प्रस्तावात नेमके सांगितलेले असते, त्याच प्रस्तावावर गंभीरपणे चर्चा होते, असा माझा अनुभव आहे.

पैसा कोणत्या वाटेने येतो हे आधी समजून घ्यावे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये, उलाढाल १००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एक मर्यादा गाठतो, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. या कामांची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे आणि तिच्यात राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांच्या संरक्षणाबरोबर ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारती व स्थळांच्या पुनरुज्जीवनाचाही स्पष्ट उल्लेख आहे. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर हा संदर्भ द्यावा, कारण कंपनीची समिती सर्वांत आधी तोच शोधते. केंद्र सरकारचा राष्ट्रीय संस्कृती निधी हा दुसरा मार्ग आहे. तो १९९६ मध्ये, १८९० च्या चॅरिटेबल एंडोमेंट्स अ‍ॅक्टखाली स्थापन झाला. परदेशी संस्थेकडून पैसे घ्यायचे असतील तर एफसीआरए (परदेशी देणग्यांविषयीचा कायदा) नोंदणी लागते, आणि ती नसेल तर त्या वाटेचा विचार तूर्त सोडून द्यावा.

युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्काराबद्दल मला नेहमी विचारले जाते. तो पुरस्कार पूर्ण झालेल्या कामाला मिळतो आणि तो सन्मान आहे, निधी नव्हे. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाला तो २००५ मध्ये आणि रॉयल ऑपेरा हाउसला २०१७ मध्ये मिळाला. काम सुरू होण्यापूर्वी त्या दिशेने अर्ज करण्यात अर्थ नाही.

कागदपत्रे

न्यासाची आयकर कायद्याखालील १२ए (न्यासाच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नावांनी ओळखली जाणारी नोंदणी, लेखापरीक्षित हिशेब आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील सीएसआर-१ (सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थांची) नोंदणी तयार असावी. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ शिवाय कोणतीही कंपनी संस्थेमार्फत हा निधी खर्च करू शकत नाही.

या टप्प्यावर दोनच गोष्टी खरोखर अडवतात. पहिली म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडील परिशिष्ट एकचा उतारा (न्यासाचे विश्वस्त व मालमत्ता यांची नोंद) आणि इमारतीची मिळकत पत्रिका यांच्यातील तफावत. उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांची नावे तशीच असतात किंवा इमारतीची नोंदच नसते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ नुसार बदल अर्ज, म्हणजे या नोंदीतील बदल कळवणारा अर्ज, ९० दिवसांत द्यायचा असतो, आणि अनेक न्यासांचे असे अर्ज वर्षानुवर्षे दिलेलेच नसतात किंवा प्रलंबित असतात. प्रस्ताव लिहिण्याआधी हे काम वकिलांकडे सोपवावे. दुसरी अडचण अनुभवाच्या अटीची आहे. अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. वाचनालयाच्या न्यासाने पुस्तके सांभाळलेली असतात, इमारती नव्हे, म्हणून जतनाचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत संस्थेला अंमलबजावणी संस्था म्हणून सोबत घ्यावे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

परवानग्या

इमारत राज्य संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व संचालनालयाकडे जावे. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या प्रतिबंधित किंवा त्यापुढील २०० मीटरच्या विनियमित क्षेत्रात असेल तर दुरुस्तीलाही परवानगी लागते. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींच्या श्रेणी आहेत, आणि तेथे व अशी यादी असलेल्या इतर शहरांत वारसा समितीचे मत घ्यावे. परवानगीच्या अर्जाची पोचपावती प्रस्तावाला जोडली तरी चालते.

इमारतीच्या महत्त्वाचे निवेदन

एक पान लिहावे. इमारत कधी, कोणी, कशासाठी बांधली, तिच्यात आज असे काय उरले आहे जे गावात दुसरीकडे नाही, आणि आज तिचा उपयोग कोण करते, एवढेच त्यात असावे. ‘भव्य’, ‘अलौकिक’, ‘जाज्वल्य’ ही विशेषणे काढून टाकावीत. सागवानी कडीपाट अजून मूळ आहे, हे एक वाक्य त्या सगळ्यांपेक्षा वजनदार आहे.

स्थिती-सर्वेक्षण: प्रस्ताव येथेच ठरतो

येथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माझा पहिला प्रस्ताव याच ठिकाणी फसला. एका तालुक्याच्या गावातील वाचनालयाची इमारत होती, विटांच्या चुन्यातील भिंती, वर मंगलोरी कौले. पश्चिमेच्या भिंतीला ओल होती, रंगाचे पोपडे सुटत होते, खाली खार फुटून पांढरी पूड जमिनीवर पडत होती. मी लिहिले होते: ‘भिंतींना ओल आहे. जुना गिलावा काढून वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा करणे, एकरकमी.’ कंपनीने नेमलेले वास्तुविशारद पाहणीला आले. त्यांनी बोटाच्या पेराने भिंत ठोकली, पोकळ आवाज आला, आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला की, ओल कोठून येते. माझ्याकडे उत्तर नव्हते. प्रस्ताव परत आला, आणि तो परत यायलाच हवा होता, कारण मी सुचवलेल्या उपायाने ती भिंत आणखी खराब झाली असती.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही दर पंधरवड्याला भिंतीवर ओलाव्याची रेघ खडूने आखली आणि शेजारी तारीख लिहिली. आतल्या भिंती कोरड्या होत्या, वरून गळती नव्हती, आणि पश्चिमेच्या भिंतीवर ओल जमिनीपासून सुमारे चार फूट चढत होती. म्हणजे पाणी खालून येत होते. मागच्या बोळात दर काही वर्षांनी काँक्रीटचा थर चढत गेला होता आणि बोळ आता इमारतीच्या जोत्यापेक्षा वीतभर उंच होता. पावसाचे पाणी भिंतीला टेकून उभे राहत होते. त्यातच पूर्वी कधीतरी केलेल्या सिमेंटच्या गिलाव्याने भिंतीचे तोंड बंद केले होते. चुन्याचा गिलावा आतला ओलावा बाहेर सोडतो. सिमेंटचा गिलावा तो अडवतो, मग ओल वर चढत जाते आणि पाण्याबरोबर आलेले क्षार विटेतच साठून विटेचा भुगा करतात. यातून जो उपाय निघाला तो सर्वस्वी वेगळा होता: बोळाची पातळी उतरवणे, भिंतीलगत गटार काढणे, सिमेंटचा गिलावा काढून भिंत एक उन्हाळा सुकू देणे, आणि मगच चुन्याचा गिलावा करणे. बोळ न्यासाच्या मालकीचा नसल्यामुळे नगरपालिकेचे संमतिपत्रही लागले. ते पत्र नसते तर बाकीचा सगळा खर्च व्यर्थ होता.

तेव्हापासून मी प्रत्येक दोषासाठी चार गोष्टी एकाच ओळीत लिहिते: दोष, कारण, उपाय, रक्कम. या चारपैकी ‘कारण’ हा रकाना रिकामा असेल तर पुढचे दोन भरायचेच नाहीत. हा नियम मी कोणासाठीही शिथिल करत नाही, कारण कारण न कळता केलेली दुरुस्ती ही जुन्या इमारतींची सर्वांत मोठी शत्रू आहे. पाऊस आणि वाळवी यांनी जेवढ्या भिंती व तुळया बिघडवल्या त्याहून अधिक घाईच्या सिमेंटने आणि ऑइल पेंटने बिघडवलेल्या मी पाहिल्या आहेत.

तड्यांच्या बाबतीत हीच शिस्त ठेवावी. तडा दिसला की ‘इमारत धोकादायक’ असे लिहून टाकण्याची घाई करू नये. तड्यावर आडवी पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवावी, तिच्याजवळ तारीख लिहावी आणि निदान एक पावसाळा व एक उन्हाळा थांबावे. काच फुटली तर तडा जिवंत आहे, म्हणजे पाया किंवा छताचा रेटा तपासावा लागेल. शाबूत राहिली तर बहुधा तो जुना, स्थिरावलेला तडा असतो आणि चुन्याने भरून काम भागते. लाकडाची परीक्षा तुळईच्या भिंतीत शिरलेल्या टोकाशी करावी, मध्ये नव्हे, कारण ओल आणि वाळवी तेथूनच सुरू होतात. अणकुचीदार हत्यार टोचले असता किती खोल जाते हे मापाने नोंदवावे. प्रत्येक छायाचित्राला क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक नकाशावर टाकावा. क्रमांक नसलेली दोनशे छायाचित्रे तपासणाऱ्याला काहीच सांगत नाहीत.

हे काम संवर्धन वास्तुविशारदाच्या देखरेखीखालीच करावे. नेहमीच्या बांधकाम ठेकेदाराकडून ‘मोफत अंदाजपत्रक’ घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. ठेकेदाराला सिमेंट येते, म्हणून त्याच्या अंदाजपत्रकातही सिमेंटच येते. सर्वेक्षणाची फी द्यायला पैसे नसतील तर आधी फक्त सर्वेक्षणासाठी छोटा निधी मागावा. ही मागणी रास्त आहे.

अंदाजपत्रक

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत जे काम सापडते त्याला तोच दर लावावा. जे सापडत नाही, म्हणजे घाणीत (चुना मळण्याच्या चक्कीत) मळलेला चुना, सुरखी (विटांची पूड), निरूचा (बारीक गाळलेल्या चुन्याचा) शेवटचा हात, गूळ आणि हिरड्याचे पाणी, जुन्या सागाला सागाचाच जोड, त्याच्या दराची फोड करून दाखवावी: साहित्य किती, गवंडी किती दिवस, सुतार किती दिवस. कोठेही ‘एकरकमी’ हा शब्द येऊ नये. जीएसटी वेगळा दाखवावा. गिलावा काढल्यावर आत काय निघेल हे आधी कळत नाही, म्हणून मी लाकूडकाम आणि भिंतींसाठी १० टक्के आकस्मिक रक्कम धरते आणि ती का धरली हे लिहिते.

प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे असे सांगून संस्थेला देखरेखीचा खर्च वगळायला लावणारे सल्लागार भेटतील. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांचा थेट खर्च प्रकल्पाचाच असतो, म्हणून वास्तुविशारदाची फी निःसंकोच दाखवावी. निधी मंजूर होण्याआधी मात्र काम सुरू करू नये, कारण झालेल्या खर्चाची भरपाई मागणारा प्रस्ताव सहसा तेथेच थांबतो.

केव्हा पाठवावे

मार्चमध्ये कंपन्यांकडे न वापरलेला पैसा असतो, तेव्हा अर्ज करावा, हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. असा पैसा लगेच खर्च करण्याच्या अटीवर येतो, आणि चुन्याचे काम घाईने होत नाही. मार्चमध्ये धनादेश, एप्रिलमध्ये कारागिरांचा शोध आणि जूनमध्ये पाऊस, अशा वेळापत्रकात गिलावा कच्चा राहतो. कंपनीची समिती पुढील वर्षाचा कृती आराखडा ठरवते त्याआधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत प्रस्ताव पोहोचवावा आणि तो ‘चालू प्रकल्प’ म्हणून मांडावा. अशा प्रकल्पाला सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. पहिल्या वर्षात छत आणि पाण्याचा निचरा, दुसऱ्यात भिंती, तिसऱ्यात लाकूडकाम व रंग, हा क्रम मी बदलत नाही. आत रंग देऊन वर गळके छत ठेवणाऱ्यांना निधी मिळू नये असेच मला मनापासून वाटते.

पाहणीचा दिवस

सत्कार, शाल आणि भाषणे नकोत. पाहुण्यांना शिडी, टॉर्च आणि क्रमांक टाकलेला नकाशा द्यावा, माळा उघडून ठेवावा आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगावे. शक्य असेल तर आदल्या हिवाळ्यात सर्वांत खराब भिंतीचा एक चौरस मीटर भाग निवडावा, त्यावरचे सिमेंट काढावे, तो उन्हाळाभर सुकू द्यावा आणि पावसाळ्यानंतर तेथे चुन्याचा नमुना-गिलावा करून घ्यावा. हा नमुना वास्तुविशारदाच्या सांगण्यावरून आणि आवश्यक ती परवानगी घेऊनच करावा, व त्याच्या कडेला मिश्रणाचे प्रमाण, गवंड्याचे नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहून ठेवावी. पाहणीला आलेल्या तज्ज्ञाला तो तुकडा आणि शेजारचे पोपडे एकाच वेळी दिसतील अशा जागी उभे करावे.