शाळा-हॉस्पिटलवाल्यांनो, पावसाळ्याआधी या चुका टाळा

पुण्यात पूर म्हटलं की सगळे खडकवासला धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं तेवढंच बघतात, नदीपासून लांब असलेल्या शाळा निवांत. इथेच चुकतं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याने जो धुमाकूळ घातला तो काही धरणाच्या पाण्याने नाही, कात्रजकडे ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि ओढ्याला वाहायला जागाच उरली नव्हती. पूररेषेचा नकाशा बघाच, पण जुना ओढा कुठून जायचा हे आसपासच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, नकाशापेक्षा बरं सांगतात.

हॉस्पिटलवाल्यांची लाडकी चूक म्हणजे बेसमेंट. पार्किंग एकवेळ ठीक, पण जनरेटर, ऑक्सिजनचं मॅनिफोल्ड (सिलिंडर एकत्र जोडून पाइपांत ऑक्सिजन सोडणारी जोडणी), औषधांचा स्टोअर सगळं खालीच. 2015 मध्ये चेन्नईच्या पुरात एका मोठ्या हॉस्पिटलात पाणी शिरलं आणि वीज गेल्यावर आयसीयूतले पेशंट हलवायची वेळ आली. काही जण शहाणपणा करून जनरेटर वर नेतात, पण चेंजओव्हर पॅनल (वीज गेल्यावर पुरवठा जनरेटरवर वळवणारं) आणि डिझेलचा पंप खालीच ठेवतात, मग जनरेटर वर मस्त धडधडतोय आणि आयसीयूत अंधार! पॅनलपण वर घ्या. आणि दर महिन्याला पाच मिनिटं रिकामा जनरेटर फिरवून "चालू आहे" अशी सही ठोकू नका, खरा लोड टाकून चालवा, फिल्टर चोंदलाय का बॅटरी मेलीय ते तेव्हाच कळतं.

शाळांचं मॉक ड्रिल बघून तर हसू येतं. आपत्ती कुठलीही असो, घंटा वाजली की पोरं ग्राउंडवर. भूकंपाला हादरे थांबल्यावर ठीक आहे, पण ओढा आवारात शिरलाय आणि तुम्ही पोरांना खाली उतरवताय? पुरात वर जायचं असतं, आणि नेमकं वरच्या जिन्याच्या ग्रिलला कुलूप, चावी शिपायाकडे, शिपाई चहाला. चावी प्रत्येक मजल्यावर एक ठेवा ना. पाऊस वाढला की घाईघाईत बस सोडणं हेही तसंच, आधी ड्रायव्हरला रस्ता विचारा, नदीपात्रातला बुटका भिडे पूल पाण्याखाली गेला असेल तर पोरं शाळेतच बरी.

भूकंपाचं कोणी मनावरच घेत नाही, पुणे भूकंपाच्या झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे आणि 1967 चा कोयनेचा भूकंप इथेही जाणवला होता. लायब्ररीची कपाटं भिंतीला ठोका, सिलिंडरला साखळी लावा, खर्च काहीच नाही.