वेबसाइट एकदाची चालू करा: तयारीची यादी

गोव्यातल्या छोट्या धंद्याची साइट असेल तर आधी चालू करायची तारीख ठरवा. काजू, कोकम, खाजे असा माल असेल तर चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) निदान तीन आठवडे अगोदरची, कारण पार्सल पोचायला वेळ लागतो. होमस्टे असेल तर ऑगस्ट. पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होत असला तरी लोक खोल्या त्याआधी शोधतात. ठरलेली तारीख दोन-चार जुन्या गिऱ्हाइकांना सांगून टाका. मनातल्या मनात ठरवलेली तारीख हटकून पुढे सरकते.

मग कागदावर दोन रकाने: 'याशिवाय ऑर्डर येणार नाही' आणि 'नंतर'. पहिल्यात काय विकता, भाव, फोटो, पत्ता, फोन, पैसे कसे द्यायचे. बस्स. लोगो, ब्लॉग, सरकते फोटो, मराठी-कोंकणी-इंग्रजी तिन्ही भाषा एकदम, हे सगळे 'नंतर'. लोगो नसेल तर दुकानाचे नाव ठळक अक्षरांत लिहा. हिरव्याच्या दोन छटांवर पंधरा दिवस घालवू नका. छटा बघून काजू कोणी घेत नाही. मत दोघांचेच विचारा. तिसऱ्याला विचारलेत की पुन्हा पहिल्यापासून.

डोमेन (साइटचा पत्ता) स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर. साइट बनवणाऱ्या मुलाच्या ईमेलवर असेल तर नूतनीकरणाची सूचना त्यालाच जाते, आणि तो तोवर दुसऱ्या नोकरीत रमलेला असतो.

आता साइट गुगलपासून लपवणारी टिक. वर्डप्रेसमध्ये (साइट बनवायचे सॉफ्टवेअर) 'सेटिंग्ज', त्यात 'रीडिंग', तिथे खाली सर्च इंजिनांना ही साइट दाखवू नका अशा अर्थाचा चौकोन असतो. काम अर्धवट असताना तो टिक केलेला असतो, आणि 'अजून थोडे नीट करू' म्हणत महिने गेले की त्याची आठवण कोणाला राहत नाही. साइट तुम्हाला व्यवस्थित दिसते, कारण तुम्ही पत्ता स्वतः टाइप करता. गुगलवर शोधणाऱ्याला ती दिसत नाही. टिक काढा. सेव्ह करा. कॅश प्लगइन (पानांच्या साठवलेल्या प्रती दाखवणारी जोड) असेल तर त्या प्रती पुसा, नाहीतर जुनेच पान जात राहते. एसईओ प्लगइनमध्ये (साइट शोधात वर यावी म्हणून घातलेली जोड) प्रत्येक पानाला असाच वेगळा पर्याय असतो, तोही बघा. शेवटी गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये (गुगलला साइट कशी दिसते ते दाखवणारी सोय) मुख्य पानाचा पत्ता तपासा. काढलीच असेल असे समजू नका, उघडून बघा.

फोटो: मोबाइलचा फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. रुंदी 1600 पिक्सेल आणि वजन 200-300 केबीवर आणा, नाहीतर सत्तरी तालुक्यात एका दांडीच्या रेंजवर पान उघडायच्या आधी माणूस निघून जाईल.

व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमध्ये नंबराआधी 91. प्लस नको, शून्य नको, मधे जागा नको. लिंक दुसऱ्याच्या फोनवरून, वायफाय बंद करून दाबून बघा. फॉर्म ठेवणार असाल तर त्याचा मेल स्पॅममध्ये जात नाही ना, हेही. (पहिल्या दिवसांत फॉर्म नसला तरी चालते.)

खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) 14 अंकी क्रमांक पानावर हवा. होमस्टेला पर्यटन खात्याची नोंदणी आधी. पेमेंट गेटवेवाले (साइटवर ऑनलाइन पैसे घ्यायची सोय देणारे) परतावा, गोपनीयता आणि अटींची पाने मागतात, ती नसली तर मंजुरी अडते. अर्ज लवकर करा, तोवर यूपीआयवर भागवा.

शेवटचे दोन दिवस: भाव पुन्हा वाचा. पत्ता https ने सुरू होतो का, म्हणजे एसएसएल (सुरक्षित जोडणी) आहे का, ते बघा. बॅकअप. डोमेन जोडल्यावर सगळीकडे दिसायला 48 तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून ते आदल्या रात्री करू नका. गुगल मॅपवर दुकानाची नोंद. आणि रीडिंगचे पान पुन्हा उघडा, ती टिक बघा. साइट दुसऱ्या होस्टिंगवर (साइट जिथे ठेवलेली असते ती जागा) हलवताना जुनी सेटिंग सोबत येते.

चालू झाल्यावर पहिला आठवडा फक्त मोडलेले दुरुस्त करायचे. 'नंतर'च्या रकान्याला हात लावायचा नाही.