दादरला सामानासह गाडी कशी बदलावी

दादर स्टेशनात पहिल्यांदा येणाऱ्याला हमखास सांगितलं जातं, ‘काही नाही, लोकांच्या मागे चालत राहा, बरोबर पोचशील.’ हा सल्ला अजिबात ऐकू नका. संध्याकाळी सात वाजता दादरच्या पुलावर ज्यांच्या मागे तुम्ही लागाल, त्यातला एक फुलबाजाराकडे निघालेला असतो, दुसऱ्याला कल्याण लोकल गाठायची असते आणि तिसरा फक्त पूर्वेकडून पश्चिमेला चाललेला असतो. तुमच्या गाडीला जाणारा त्यात कुणी असेलच असं नाही.

मी इथे एकाच कामाबद्दल लिहितोय. वेस्टर्नच्या (पश्चिम रेल्वेच्या) लोकलने दादरला उतरायचं, पूल ओलांडायचा आणि सेंट्रलवरून (मध्य रेल्वेवरून) बाहेरगावची गाडी पकडायची. बोरिवली-अंधेरीकडे राहणाऱ्या आणि गाव सोलापूर, कोल्हापूर किंवा कोकणात असलेल्या घरांचा हा नेहमीचा प्रवास. मी तो पंचवीस वर्षं करतोय. एकटा, आईला घेऊन, मुलं लहान असताना, गणपतीच्या गर्दीत आणि भर पावसातही. तिकीट, पाणी, चार्ज केलेला फोन या गोष्टी तुम्ही बघालच.

तिकिटाबद्दल मात्र एक. वेस्टर्नच्या दादरचा कोड डीडीआर आणि सेंट्रलच्या दादरचा डीआर. तिकिटावर यातला कुठला आहे ते घरीच बघा. आणि तिकीट सीएसएमटीपासूनचं (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासूनचं) असेल तर बोर्डिंग स्टेशन वेळेत दादर करून घ्या, म्हणजे डब्यात वाद होत नाहीत.

दिशा आणि आकडे

दादरला रूळ उत्तर-दक्षिण आहेत आणि दोन्ही रेल्वे शेजारी शेजारी. पश्चिमेला वेस्टर्न, पूर्वेला सेंट्रल. त्यामुळे वेस्टर्नवाले जिला विरार बाजू म्हणतात तीच सेंट्रलवाल्यांची कल्याण बाजू, आणि चर्चगेट बाजू तीच सीएसएमटी बाजू. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं दादर सोपं झालं. पुलावर चढताना माणूस दोनदा वळतो, लक्ष बॅगेकडे असतं आणि दिशा हरवते. तेव्हा एवढंच आठवा: तोंड पूर्वेकडे असेल तर डाव्या हाताला कल्याण, उजव्या हाताला सीएसएमटी.

प्लॅटफॉर्म पश्चिमेच्या टोकाला १ पासून सुरू होतात आणि पूर्वेच्या टोकाला १४ वर संपतात. १ ते ७ वेस्टर्न, ८ ते १४ सेंट्रल. पुलावरून चालताना पाट्यांवरचे आकडे वाढत असतील तर तुम्ही सेंट्रलकडे चालला आहात.

ही सलग मोजणी ९ डिसेंबर २०२३ पासूनची. त्याआधी सेंट्रलचे प्लॅटफॉर्मही १ पासूनच मोजले जायचे, म्हणजे एकाच स्टेशनात पाच नंबरचे दोन प्लॅटफॉर्म होते. त्या काळात माझी गाडी एकदा त्यापायीच गेली. आईला घेऊन गावी निघालो होतो. घरून निघताना कुणीतरी सांगितलं, ‘पाच नंबरला लागते.’ मी वेस्टर्नच्या पाच नंबरवर दोन बॅगा आणि आईला घेऊन उभा राहिलो. वेळ झाली तरी गाडी येईना, तेव्हा एका हमालाला विचारलं. त्याने हातानेच रुळांपलीकडे दाखवलं. तिथे जाईपर्यंत गाडीचा शेवटचा डबा प्लॅटफॉर्म सोडत होता. आई काहीच बोलली नाही, बॅगेवर बसून राहिली. त्या दिवसापासून मी दादरमध्ये नुसत्या ऐकीव आकड्यावर पाऊल टाकलेलं नाही.

आता दोन पाच नंबर उरले नाहीत, पण जुने आकडे माणसांच्या तोंडी अजून आहेत. सेंट्रलच्या बाबतीत कुणी तीनपासून पुढचा जुना आकडा सांगितला तर त्यात सहा मिळवा. जुना चार आता दहा, जुना सहा आता बारा. जुना एक मात्र आठ झाला. जुना दोन उरलाच नाही, कारण एक नंबर रुंद करताना त्याची जागा त्यात गेली. म्हणून कुणी ‘पाच नंबरला जा’ म्हणालं तर उलट विचारायचं, ‘नवा की जुना?’ समोरचा क्षणभर जरी अडखळला तरी त्याचं उत्तर सोडून द्या आणि इंडिकेटर बघा.

लोकल

सामान असेल तर स्लो लोकल घ्या. दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतील, लागू देत. शक्यतो मधल्या डब्यात चढा. दादरच्या एक स्टेशन आधीच दाराजवळ सरका आणि पुढच्याला विचारा, ‘दादर ना? कुठल्या बाजूला येतं?’ बॅग पाठीवर असेल तर ती पोटाशी घ्या.

पूल

आता खरी अडचण. दादरला गाड्या चुकतात त्या लोकलमधून उतरल्यापासून सेंट्रलच्या जिन्यावरून खाली येईपर्यंतच्या दहा मिनिटांत. प्लॅटफॉर्मवर उतरल्यावर मागून लोंढा येतो आणि तुम्हाला जवळच्या जिन्याकडे ढकलत नेतो. तो जिना तुमचाच असेल असं नाही.

म्हणून उतरल्यावर लगेच चालायला लागू नका. दारापासून दोन पावलं बाजूला व्हा, एखाद्या खांबाला किंवा बाकाला पाठ लावा आणि लोकल निघून जाऊ द्या. मिनिटभरात प्लॅटफॉर्म निम्मा रिकामा होतो. मगच बघा की जिने कुठे आहेत आणि प्रत्येकाच्या तोंडाशी कुठली पाटी टांगली आहे. कितीही उशीर झालेला असला तरी मी हा मिनिट घेतो. या एका मिनिटामुळे माझी गाडी कधी चुकलेली नाही. न थांबता धावलो तेव्हा मात्र चुकली आहे.

दादरला पूल एकापेक्षा जास्त आहेत. कुठल्याही पुलावरून सगळ्या प्लॅटफॉर्मना जिना असेलच असं धरून चालू नका. पूल निवडताना तुम्ही कुठे उतरलात याला महत्त्व नाही, तुमचा डबा कुठे लागणार याला आहे. सेंट्रलवरून सुटणारी बावीस डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते. डबा सीएसएमटी टोकाला असेल आणि तुम्ही कल्याण बाजूच्या पुलाने खाली आलात, तर तेवढं सगळं अंतर लोकलच्या गर्दीतून बॅग ओढत कापावं लागतं. हे चालणं वेस्टर्नच्या प्लॅटफॉर्मवरच उरकून घ्या. तिथे तुम्ही गाडीची वाट बघत नसता, जीव शांत असतो. डबा कुठल्या टोकाला येणार हे माहीत नसेल तर मधला मोठा पूल घ्या. कुठल्याही टोकाला जायचं ठरलं तरी अर्धंच अंतर उरतं.

चाकांची बॅग जिन्यावर ओढत नेऊ नका. पायरीच्या कडेची लोखंडी पट्टी चाकात अडकते, बॅग आडवी होते आणि मागची माणसं तिच्यावर येऊन आदळतात. जिना लागण्याआधीच हँडल आत ढकला, बॅग उचला आणि कठड्याच्या बाजूने चढा. उचलत नसेल तर लिफ्ट किंवा सरकता जिना शोधा. तेही जमत नसेल तर हमाल करा आणि त्याला पुढे चालायला सांगा, म्हणजे सामान नजरेसमोर राहतं. दोघं असाल तर एकाने सामान सांभाळायचं आणि दुसऱ्याने फक्त पाट्या वाचायच्या. दोघांनीही बॅगा ओढल्या तर पाटी कुणीच वाचत नाही.

आणि जिन्यावर थांबू नका. फोन आला तरी नको, पाऊस लागला तरी नको, बरोबरचा माणूस मागे राहिला तरी नको. पुलावर चढून कठड्याला लागा आणि तिथे थांबा. २९ सप्टेंबर २०१७ रोजी दादरच्या शेजारच्याच, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड आणि आताच्या प्रभादेवी स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. पाऊस होता आणि माणसं आडोशाला जिन्यावर थांबली होती. मी त्या पुलावरून पूर्वी कितीतरी वेळा गेलो होतो. तेव्हापासून जिन्यावर उभ्या असलेल्या माणसाला मी हात लावून सांगतो, ‘वर चला, वर उभे राहा.’ काही जण रागावतात. चालेल.

पुलावर आलात की गर्दीत मान खाली घालून चालायची सवय सोडा. वर बघा. प्रत्येक जिन्याच्या तोंडाशी प्लॅटफॉर्मचा नंबर टांगलेला असतो. सात ओलांडला की सेंट्रल लागली. उतरण्याआधी नंबर स्वतःशी मोठ्याने म्हणा. एक जिना चुकीचा उतरलात तर पुन्हा वर यावं लागतं, तेही खालून येणाऱ्या लोंढ्यातून, आणि त्यात सहज सात-आठ मिनिटं जातात. चुकून खाली आलाच आणि तुमची गाडी शेजारच्याच प्लॅटफॉर्मला लागताना दिसली, तरी रुळांत उतरू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पण त्याहून मोठी गोष्ट ही की दादरला शेजारच्या रुळावरून फास्ट गाडी कधी येईल याचा भरवसा नसतो. गाडी गेली तर जाऊ दे.

‘अर्धा तास आधी पोचा’ हा सल्लाही मला अर्धवट वाटतो. अर्धा तास आधी कुठे पोचायचं? दादरच्या वेस्टर्न प्लॅटफॉर्मवर अर्धा तास आधी पोचलेला माणूस संध्याकाळी साडेपाच ते साडेआठच्या मध्ये तसा वेळेतच आहे, पण निवांत नाही. गाडीच्या वेळेआधी अर्धा तास तुम्ही सेंट्रलच्या योग्य प्लॅटफॉर्मवर उभे असायला हवेत. पुलासाठी वीस मिनिटं वेगळी धरा, बरोबर म्हातारं माणूस असेल तर तीस. ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीला येणाऱ्या अनुयायांची मोठी गर्दी असते, त्या दिवसांत दादरला गाडी बदलायची वेळ येऊ देऊ नका. जमल्यास थेट सीएसएमटीलाच जा.

सेंट्रलच्या प्लॅटफॉर्मवर

प्लॅटफॉर्म ऐन वेळी बदलू शकतो. निघताना रेल्वेच्या १३९ या चौकशी नंबरवर किंवा ॲपवर बघितलं असलं तरी पुलाच्या तोंडाशी इंडिकेटर पुन्हा वाचा आणि अनाउन्समेंटकडे कान ठेवा.

डब्याची जागा दाखवणारे छोटे बोर्ड प्लॅटफॉर्मवर वर टांगलेले असतात. एस म्हणजे स्लीपर, बी थर्ड एसी, ए सेकंड एसी, डी बसायचा सेकंड क्लास. बोर्ड बंद असेल तर हमालाला विचारा, त्याचं रोजचं काम आहे ते. सीएसएमटीहून येणाऱ्या गाड्या दादरला दोन-चार मिनिटंच थांबतात. गाडी आल्यावर डबा हुकला असं दिसलं तर प्लॅटफॉर्मवरून धावण्यापेक्षा समोरच्या डब्यात चढा आणि आतून जा. आधी म्हातारी माणसं आणि मुलं, मग सामान.

दादरहून सुटणाऱ्या सावंतवाडीच्या तुतारी एक्स्प्रेसने जाणार असाल तर तारीख नीट बघा. ही गाडी रात्री बारानंतर सुटते. तिकिटावर १० तारीख असेल तर तुम्हाला ९ तारखेच्या रात्री स्टेशनात पोचायचं असतं. आमच्या शेजारचं एक कुटुंब बरोबर एक दिवस उशिरा, सगळं सामान घेऊन येऊन उभं राहिलं होतं.

परत येताना

बाहेर पडायचं असेल तर कुठल्या बाजूला हे गाडीतच ठरवा. हिंदू कॉलनी, दादर टीटी, स्वामीनारायण मंदिर, पुण्याची शिवनेरी बस हे पूर्वेला. फुलबाजार, कबुतरखाना, प्लाझा, शिवाजी पार्क पश्चिमेला. रिक्षा शोधत फिरू नका, दादरला रिक्षा चालत नाहीत. टॅक्सी किंवा बेस्टची बस.

कुणी घ्यायला येणार असेल तर ‘दादरला ये, तिथे आल्यावर फोन कर’ असं सांगू नका. गर्दीत फोन ऐकू येत नाही आणि दोघंही एकमेकांना शोधत दोन वेगवेगळ्या पुलांवर चढतात. त्याला प्लॅटफॉर्मचा नवा नंबर, बाजू आणि जिना अशा तीनही गोष्टी सांगा: ‘अकरा नंबर, कल्याण बाजू, मधल्या पुलाच्या जिन्याखाली.’ प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपयांचं आहे आणि दोन तास चालतं, ते त्याला काढायला सांगा. मग तुम्ही उतरल्यावर तिथेच थांबा आणि तो येईपर्यंत जागा सोडू नका.