अ‍ॅड्रेस बारमधूनच थेट शोधा

विकिपीडियावर काही शोधायचं तर आधी साइट उघडायची गरज नाही. तिथे एकदा कुठलाही इंग्रजी शब्द शोधा आणि निकालाच्या पानाचा पत्ता कॉपी करा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सर्च इंजिन' विभागात 'साइट सर्च'खाली नवी नोंद करून तो पत्ता पेस्ट करा. पत्त्यात तुमचा शब्द जिथे दिसतो, तिथे तो खोडून टक्क्याचं चिन्ह आणि लगेच इंग्रजी छोटा एस टाका. सगळी गंमत याच दोन अक्षरांत आहे! शॉर्टकट म्हणून एखादं अक्षर द्या, समजा डब्ल्यू.

आता कंट्रोल-एल दाबा (मॅकवर कमांड-एल), डब्ल्यू, टॅब, शब्द, एंटर. शब्दकोश, नकाशे, यूट्यूब यांनाही अशीच अक्षरं देता येतात. पण रोजच्या चार-पाच साइट्सपुरतीच द्या, नाहीतर लक्षात राहत नाहीत.