जिना, डिपॉझिट आणि कॅमेऱ्याची उंची

पुण्यात मी लग्नांचं शूटिंग करतो. सीझन संपला की कॉलेजची पोरं शॉर्टफिल्मसाठी मदत मागायला येतात आणि येताना एक यादी पाठ करून येतात: लो अँगल (खालून वर बघणारा कॅमेरा) म्हणजे ताकद, हाय अँगल (वरून खाली बघणारा) म्हणजे दुबळेपणा, क्लोजअप म्हणजे भावना. या यादीवर मार्क मिळत असतील, पण प्रत्यक्ष जागेवर कॅमेरा कुठे ठेवायचा ते तिच्यातून कळत नाही. मी त्यांना एवढंच विचारतो, की या क्षणी आपण कुणाच्या बाजूला उभे आहोत? ते ठरलं की उंची आणि अंतर बरंचसं आपोआप सुचतं.

हातात फोन घ्या आणि हा प्रसंग करून बघा. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याचा अरुंद लाकडी जिना. वरच्या पायरीवर घरमालक काका. खाली, खोली सोडून गेलेली मुलगी, डिपॉझिट परत मागायला आलेली. संवाद दोनच: "काका, ते डिपॉझिटचं..." आणि "पुढच्या महिन्यात बघू." वाडा मिळाला नाही तर लिफ्ट असलेल्या सोसायटीचा जिना घ्या, तिथे सहसा कुणी फिरकत नाही.

आधी वाइड. दोघं आणि मधल्या सगळ्या पायऱ्या एका फ्रेममध्ये येऊ द्या आणि कॅमेरा हलवू नका. या शॉटमध्ये आपण कुणाचेच नसतो, शेजारच्या दारातून बघणारे असतो. तिला किती पायऱ्या चढाव्या लागणार आहेत हे इथेच दिसतं, त्यामुळे घाईने कापू नका.

आता मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवरून काका. हा झाला लो अँगल. काका भारी वाटतील, पण ते तिला भारी वाटताहेत म्हणून. लग्नात हे मी रोज बघतो. कार्यालयाचं स्टेज उंच असतं, खाली उभं राहून शूट केलं की नवरदेवाचा मामासुद्धा पुढारी दिसतो. म्हणून माझ्या गाडीत कायम एक स्टूल असतं.

पण लो अँगलला ताकदीशी बांधून टाकू नका. 'सिटिझन केन' (१९४१) मध्ये निवडणूक हरलेल्या केनला दिग्दर्शक ऑर्सन वेल्स आणि कॅमेरामन ग्रेग टोलंड यांनी अगदी खालून दाखवलंय. कॅमेरा तेवढा खाली जावा म्हणून सेटची जमीन फोडली होती. माणूस प्रचंड दिसतो, डोक्यावर छतही दिसतं, आणि तरी तो हरलेलाच वाटतो. तुमच्या जिन्यातही कॅमेरा आणखी खाली नेऊन बघा. काकांच्या डोक्याला तुळई टेकल्यासारखी दिसली की तेच अडकलेले वाटायला लागतात.

हाय अँगलचे दोन प्रकार करून बघा, कारण गल्लत इथेच होते. काकांच्या नजरेतून खाली मुलगी दाखवली तर तिच्याकडे कुणीतरी बघतंय. तीच मुलगी थेट डोक्यावरून, छतातून दाखवली तर ती नजर कुणाचीच नाही. पहिल्यात ती दबलेली वाटते, दुसऱ्यात एकटी. अँगल दोन्हीकडे वरचाच.

ओव्हर द शोल्डरमध्ये, म्हणजे एकाच्या खांद्यावरून दुसरा दाखवताना, खांद्याकडे लक्ष द्या. काकांच्या खांद्याने अर्धी फ्रेम खाल्ली तर मुलीला जागाच उरत नाही. उलट बाजूने शूट करताना तिचा खांदा फ्रेमच्या कडेला जेमतेम ठेवा. एका शब्दाचाही संवाद न वाढवता कुणाचं चालतंय ते कळेल. आणि लाइन क्रॉस करू नका: दोघांमध्ये एक रेघ आहे असं समजा आणि तिच्या एकाच बाजूला राहा, नाहीतर दोघं एकाच दिशेला बघताना दिसतील.

क्लोजअप एकच ठेवा, आणि तो बोलणाऱ्याचा नको. "पुढच्या महिन्यात" हे शब्द ऐकणाऱ्या मुलीचा घ्या. क्लोजअपने आपण सगळी जागा कापून टाकतो. जिना गेला, काका गेले, आता प्रेक्षकाला तिच्यापासून सुटका नाही. हे किती ताणता येतं ते बघायचं तर प्रभात फिल्म कंपनीचा 'अमृतमंथन' (१९३४) बघा. कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आल्यावरचा हा पहिला चित्रपट, आणि स्टुडिओची ती जागा म्हणजेच लॉ कॉलेज रोडवरची आजची एफटीआयआय, सिनेमा शिकवणारी संस्था. दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापू, यांनी टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स लावून गोष्टीतल्या राजगुरूचा एक डोळा पडदाभर दाखवला.

टेलिफोटो नसली तरी फोनवर एक काळजी घ्या. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या लेन्सइतकं रुंद बघतो. तो चेहऱ्याला चिकटवला की नाक फुगतं, कान मागे पळतात. दोष अंतराचा आहे. चार पावलं मागे जा, मग झूम दोन एक्स करा.

फ्रेम तिरकी करायचा मोह होईल, पोरांना तो होतोच. या प्रसंगात गरज नाही.

शेवटच्या शॉटला मुलगी वर चढते, दोघांचे डोळे एका उंचीवर येतात आणि ती पुन्हा म्हणते, "डिपॉझिट." कॅमेराही त्याच उंचीवर. हा शॉट साधा आय लेव्हल आहे, पण आधीचे सगळे खालून-वरून आल्यामुळे तो इथे चढतो. म्हणून आधी कुठेही आय लेव्हल खर्च करू नका.

एडिट झालं की आवाज बंद करून घरातल्या कुणाला तरी दाखवा आणि विचारा, पैसे मिळतील का? "कुणास ठाऊक" असं उत्तर आलं तर संवाद वाढवू नका. स्टूल उचला आणि काकांचा शॉट दुसऱ्या उंचीवरून परत घ्या.